तीजाचा खड्डा

मंजिरीचा पेपर परत आला तेव्हा तिच्या संशोधनाबद्दल त्यात एक वाईट अक्षर नव्हतं. सगळी तक्रार चित्रांची. ग्राफ धूसर आहेत, आकडे वाचता येत नाहीत, रेघ मोठी करून पाहिली की तिच्या पायऱ्या होतात, आणि पहिल्याच ग्राफवर आडवा शिक्का उमटलाय की या सॉफ्टवेअरची मुदत संपली. संपादकानं लिहिलं होतं, ग्राफ छापण्याजोगे करून पाठवा, मग पेपर वाचायला घेऊ. म्हणजे इतके दिवस त्यांनी तो वाचलाच नव्हता. मला त्यांचा राग आला नाही. जेवायला बोलावून फाटक्या पत्रावळीवर वाढलं तर कोणीही उठून जाईल.

शिक्क्याचं कारण सगळ्या कॉलेजला माहीत होतं. ग्राफ काढायचं ते सॉफ्टवेअर रीतसर घ्यायचं तर रसायन विभागाच्या वर्षभराच्या बाटल्या-ॲसिडं त्यात आली असती, म्हणून ते आमच्याकडे क्रॅक केलेल्या सीडीवर आलेलं होतं. सीडी कोणाची, हे कोणी विचारत नसे. प्रसाद कोणाच्या घरचा हे तरी कोण विचारतं? मग मागच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरला व्हायरस लागला, सगळं पुसून नव्यानं भरावं लागलं, आणि सीडी रुसली ती रुसलीच, सॉफ्टवेअर चालायचं पण शिक्का मारून.

मी वनमाला. रायपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, चौबे कॉलनीत राहते, आणि कॉम्प्युटर रूमची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. एवढ्या एका किल्लीपायी कॉलेजातलं कोणतंही मशीन बिघडलं की लोक माझ्याकडे असे पाहतात, जसं मीच रात्री येऊन त्याच्यात पाणी ओतलं. माझी स्वतःची पीएच.डी. नाही. दुसऱ्यांच्या पीएच.डी.ला वायर जोडून देणे हे माझं काम, आणि दुसऱ्यांच्या सुखदुःखात फार गुंतायचं नाही हा माझा नियम. मंजिरीच्या बाबतीत तो नियम मोडला, ते सांगते.

मंजिरीचे वडील रेल्वेत, मूळचे वर्ध्याकडचे, घर गुढियारीत. पोट्टी हुशार, बोलते अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि तिला आपण काय बोलून राहिलो याचा पत्ताही नसतो. तिचा विषय होता हवेतली काजळी. छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, दिव्याच्या गाड्या आल्या, आणि तिकडे उरल्याला कारखान्यांची धुरांडी वाढत गेली. उरल्याला लागून बीरगाव आहे, तिथे कामगार राहतात. मंजिरीनं हवा ओढायची दोन यंत्रं लावली होती. एक बीरगावला सरला नावाच्या बाईच्या छोट्याशा घरावर, दुसरं गुढियारीत स्वतःच्या गच्चीवर. यंत्र दिवसभर हवा ओढतं, काजळी एका गोल कागदावर बसते, कागद रोज बदलायचा, जपून ठेवायचा आणि कॉलेजात आणून तपासायचा. बीरगावला कागद बदलायचं काम सरलाचा नवरा भैय्यालाल करायचा, कारखान्यातून घरी आल्यावर, हात धुऊन, न चुकता. दोन वर्षं हे चाललं. पेपरचं म्हणणं सरळ होतं: बीरगावच्या लोकांच्या नाकात जी काजळी जाते ती धुरांड्यांची.

तिचे गाइड यशवंतराव सर. सरांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आले, हे ते पहिल्या भेटीत सांगतात आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगतात. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्या पिढीतल्या निम्म्या रायपूरसारखा त्यांचा जन्मही शाळेच्या दाखल्यावर एक जुलैला झालेला, म्हणून ते जूनअखेर रिटायर होणार होते. रिटायर झाले की गाइड म्हणून त्यांची सही चालणार नव्हती. त्यांच्या सहीनं पेपर गेला आणि प्रबंध जमा झाला तर मंजिरी डॉक्टर. नाही झाला तर नवा गाइड शोधा, नवी नोंदणी करा, पुन्हा दोन वर्षं. घरी तिचं लग्न याच एका कारणासाठी थांबवून ठेवलेलं होतं, आणि आई रोज थांबवल्याची आठवण करून देत होती.

"मॅडम, काही फ्री वालं शोधा न," मंजिरी म्हणाली. "पर अच्छा वाला. मले आता शिक्का नको."

"फुकट ते पौष्टिक, हाव ना?" मी म्हटलं. "बस इथं. शोधू."

फुकटची सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीड्या मिळायच्या, त्या मी जपून ठेवल्या होत्या, आणि कॉलेजचं इंटरनेट मुंगीच्या पावलानं का होईना चालायचं. पहिलं पाहिलं ते फुकटच्या ऑफिसमधलं हिशोबाच्या तक्त्यांचं. किराण्याच्या हिशोबाला उत्तम. पण त्याचा ग्राफ दुकानदाराच्या दिवाळीच्या विक्रीसारखा दिसायचा, मागे करडा रंग, बाजूला मोठाली चौकट. संपादकानं दुसऱ्यांदाही परत पाठवला असता, आणि या वेळी सभ्यपणे नाही. मग एक मिळालं ते थेट आमच्या महागड्या सॉफ्टवेअरचा जत्रेत हरवलेला जुळा भाऊ. तीच बटणं, त्याच खिडक्या. मंजिरी खूश. पण आमच्या म्हाताऱ्या मशीनवर दोन वर्षांचे आकडे घातले की ते गपकन मिटायचं. दोष त्याचा की मशीनचा, देव जाणे.

"आर" म्हणून एक आहे, त्याचंही फार नाव ऐकलेलं. ते खरंच गुणी आहे. पण ते म्हणजे संख्याशास्त्राचं अख्खं घर, आणि आपल्याला पाहिजे होती फक्त एक भिंत. शिकेपर्यंत सरांचा निरोपसमारंभ आटोपला असता. शेवटी राहिलं ग्नूप्लॉट. उघडलं तर काळी खिडकी आणि एक लुकलुकणारी काडी. बाकी काही नाही.

"ह्याच्यात बटण कुठं आहे?" मंजिरीनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

"लिहायचं. काय पाहिजे ते एकेका ओळीत लिहून सांगायचं. अक्ष इथून तिथपर्यंत, अक्षरं एवढी मोठी, ठिपके असे. ते काढून देतं."

"बाप्पा. ये तो चिट्ठी लिखने जैसा है."

तसंच होतं ते. पण तीन गोष्टी मला आवडल्या आणि त्या मी तिला दाखवल्या. एक म्हणजे चित्र ठिपक्यांचं नाही, रेघांचं बनतं, भिंतीएवढं मोठं केलं तरी पायऱ्या होत नाहीत. दुसरं, ते मशीनला जड होत नाही, आमचं खटारंसुद्धा हसत चालवतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्ही लिहिलेल्या ओळी फाइलमध्ये राहतात. उद्या एक आकडा चुकला, एक शब्द बदलायचा झाला, तर एक ओळ बदला आणि फाइल पुन्हा चालवा, अख्खा ग्राफ नवा. बटणांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण काल काय काय दाबलं ते कोणाच्या बापाला आठवतं?

मंजिरी दोन दिवसांत शिकली. पहिला ग्राफ आला तेव्हा आम्ही दोघीही पडद्याला नाक लावून बसलो. तो सुंदर होता म्हणून नव्हे, सुंदर तो नव्हताच. लाल अधिकची चिन्हं आणि हिरव्या फुल्या पडद्यावर उधळलेल्या, मधून रेघ नाही.

ही रेघेची भानगड सांगायला पाहिजे. आमच्या प्रॅक्टिकलच्या वर्गात पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात की ठिपके एकेक करून जोडायचे नाहीत, मधून गुळगुळीत रेघ न्यायची. मार्क रेघेला असतात. जो ठिपका फार दूर पडला तो हात हलल्यामुळे पडला असं समजून सोडून द्यायचा. सरांनी हे अख्ख्या रायपूरला शिकवलं. मंजिरीच्या जुन्या ग्राफमध्येही त्यांनी तेच करवून घेतलं होतं: दोन वर्षांच्या तारखा एकावर एक ठेवून सरासरी काढायची, म्हणजे पंचवीस ऑगस्टची पंचवीस ऑगस्टशी, आणि मग त्याच्यावरून रेघ फिरवायची. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण होतं. ग्नूप्लॉट सांगितल्याशिवाय काही गुळगुळीत करत नाही. आणि मंजिरीनं अजून ती ओळ लिहिलेली नव्हती, सरासरीही काढलेली नव्हती. दोन वर्षं दोन रंगांत, पहिलं लाल, दुसरं हिरवं, जशी होती तशी.

"हे काय आहे?" मी बोट ठेवलं.

बीरगावच्या ग्राफमध्ये लाल चिन्हांची माळ एका जागी खाली उतरली होती. काही दिवस तळाला, मग पुन्हा वर. हिरव्या फुल्यांतही तसाच खड्डा, पण तिथे नाही, थोडा पुढे. सरासरीत लाल खड्डा हिरव्याच्या टेकाडात बुजला होता आणि उरलासुरला रेघेनं सारवून टाकला होता.

"पाऊस आला असंन," मंजिरी म्हणाली. "तेव्हा बारिशच राहते."

"गुढियारीत काय वेगळा पाऊस पडतो?"

तिनं गुढियारीचा ग्राफ काढला. तिथे खड्डा नव्हता, ना लाल ना हिरवा. मग तिनं खड्ड्यांच्या तारखा पाहिल्या. पहिल्या वर्षी ऑगस्टचा शेवट, दुसऱ्या वर्षी सप्टेंबरचा मध्य. कारखान्याची सुट्टी असेल म्हणून भैय्यालालला फोन केला. तो म्हणाला, भट्टी कुठं बंद राहते बहिनी, भट्टी चालूच होती, मी ड्यूटीवर होतो.

मंजिरी भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरापाशी गेली. तारखा सरकतात म्हटल्यावर आमच्या लोकांना एकच गोष्ट सुचते, की तिथी पाहा. जुनी कॅलेंडरं शिपाई फेकत नाही, एकाखाली एक टांगून ठेवतो. दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला होता, सगळे सण पुढे गेले होते. ती बोटानं चाचपत राहिली आणि परत येऊन खुर्चीत बसली.

"मॅडम, दोन्ही वर्षी हरतालिका आहे. खड्ड्याच्या ऐन बीचमध्ये."

"मग?"

"मंग काय? हरतालिकेनं धूळ काहून कमी होईल? माझी आई तर घरीच राहते, उपास करते, वाळूची पिंड करते. उपासानं काय हवा साफ होते?"

तिचा काही दोष नव्हता. आपल्याकडे हरतालिका म्हणजे बाई घरात, सोवळ्यात, पाण्याचा थेंब न घेता. तिला त्या तिथीला तेवढंच दिसत होतं. मला मात्र त्या तिथीला दुसरंच दिसतं. मला मोरीत साचलेली भांडी दिसतात. "त्या आठवड्यात माझी शारदा येत नाही," मी म्हटलं. "चौबे कॉलनीत कोणाकडेच बाई येत नाही. सगळ्या बायका आपापली भांडी घासत छत्तीसगडला शिव्या देत असतात. शारदा तीजाला माहेरी जाते. भाऊ येतो घ्यायला."

हरतालिका आणि तीजा एकच तिथी. आपली बाई त्या दिवशी सासरी उपास धरते, छत्तीसगडची बाई त्याच उपासासाठी पोरा, म्हणजे आपला पोळा, झाला की माहेर गाठते, आदल्या रात्री कारल्याचं कडू जेवते आणि चार-सहा दिवस नवऱ्याच्या घराकडे पाहत नाही. रायपूरच्या पोराबाळांनाही हे ठाऊक आहे. मंजिरीलाही ठाऊक होतं, फक्त तिच्या विज्ञानाच्या डोक्यात ते आलेलं नव्हतं.

"सरलादीदी मायके जाते," ती हळू म्हणाली. "भैय्यालालभैया तेव्हा कारखान्याच्या बाहेर हॉटेलात खातो. घरी सिगडी नाही पेटत."

सरलाची कोळशाची सिगडी मागच्या परछीत होती, म्हणजे पडवीत, यंत्राच्या बरोबर खाली. मंजिरी जायची ती दुपारी, तेव्हा सिगडी थंड. आणि सिगडी बीरगावात घरोघरी, तिच्याकडे कोण पाहणार? दोन वर्षं आम्ही ज्याला धुरांड्यांची काजळी म्हणत होतो, तिच्यात सरलाच्या स्वयंपाकाचा मोठा वाटा होता. सगळी नव्हे. खड्ड्याच्या तळालाही बीरगाव गुढियारीपेक्षा घाणच होतं. पण वाटा मोठा होता, आणि पेपरमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

सरांनी ग्राफ पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंजिरी, घरोघरी मातीच्या चुली. त्यांच्यावर पेपर लिहिणार आहेस का तू?"

"पर सर, दिखता है तो—"

"दिसतं कारण तू रेघ काढलेली नाहीस. सरासरी घे, रेघ काढ. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वनमालाबाई, तुम्हाला सॉफ्टवेअर शोधायला सांगितलं होतं, खोड काढायला नाही."

मी म्हटलं, "सर, नाचता येईना अंगण वाकडं. सॉफ्टवेअरनं काय केलं? जे होतं ते दाखवलं."

त्यांना राग आला, पण ते अन्यायी माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाले, हा पेपर धुरांड्यांवर आहे. त्यात सिगडी आणलीस की उद्या कारखानेवाले हाच ग्राफ नाचवतील, की बघा, तुमच्या चुलीच घाण. त्यात तथ्य होतं, हे मला कबूल करावं लागलं. शेवटी त्यांनीच मधला रस्ता काढला. ठिपके राहू देत. खड्ड्यापाशी बाण काढ आणि लिही, घरमालकीण अनुपस्थित. खोटंही नाही आणि गळ्यातही येत नाही. ज्याला समजायचं त्याला समजेल.

मंजिरीनं ती ओळ लिहिली. इंग्रजीत ती आणखी सभ्य दिसत होती. ग्राफ भरीव, ठसठशीत, सुईसारखा टोकदार निघाला. सरांनी सही केली. मेचे शेवटचे दिवस होते, नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झालेला, कूलरमध्ये पाणी टिकत नव्हतं. पेपर सोमवारी पाठवायचा ठरला, प्रबंध त्याच्यामागून जमा करायचा. मंजिरीच्या आईनं माझ्याकडे आंब्याचं लोणचं पाठवलं. सगळं जुळून आलं म्हणून मलाही बरं वाटलं.

शनिवारी आम्ही बीरगावला गेलो, यंत्र उतरवून आणायला. सरलानं पाणी दिलं. बारीकशी, हसरी बाई, बोलता बोलता पदर तोंडाला लावून खोकायची. भैय्यालाल घरीच होता. मंजिरीनं त्यांना दाखवायला म्हणून ग्राफ आणला होता, तिला वाटलं दोन वर्षं ज्यांनी कागद बदलले त्यांनी निदान पाहावं तरी. तिनं तो खाटेवर पसरला आणि समजावून सांगितलं: वर म्हणजे घाण, खाली म्हणजे साफ.

सरलानं बोट नेमकं खड्ड्यावर ठेवलं. "अउ ये गड्ढा का हरे?" आणि हा खड्डा कशाचा?

"ते तुम्ही तीजाला गेला होता न दीदी, तेव्हाचं," मंजिरी हिंदीत म्हणाली.

भैय्यालाल हसला. म्हणाला, हिचं तसंच आहे, इथे खोकते आणि मायके गेली की खोकला गायब. "एखर दवई मइके म हे." हिचं औषध माहेरी ठेवलंय. घरात हा जुना विनोद असावा, कारण सरला नेहमीच्या जागी हसल्यासारखं हसली. मग तिनं पुन्हा ग्राफकडे पाहिलं. बाणाच्या टोकाला काय लिहिलंय ते विचारलं. मंजिरीनं सांगितलं.

सरलानं बाणावरून बोट फिरवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त मैं नइ रहँव, त घर के हवा बने रथे."

मी नसते तेव्हा घरची हवा चांगली असते. तिला वाईट वाटलं असं तिच्या आवाजावरून कोणी म्हटलं नसतं. शिकल्यासवरल्या पोरींनी दोन वर्षं यंत्र लावून काढलेला निष्कर्ष तिनं आपल्या बोलीत म्हणून दाखवला होता, आणि कागदावर खरोखर तेच लिहिलेलं होतं. नाही दीदी, तसं नाही, सिगडीनं होतं ते, असं मंजिरी बरंच काही बोलली. सरला हव हव, म्हणजे हो हो, करत राहिली. पण जे कागदावर लिहिलेलं आहे त्याच्यापुढे तोंडी सांगण्याची काय पत?

यंत्र आम्ही उतरवलं नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून मंजिरी परत खाली आली.

मंजिरीनं रिक्षा पकडली. गुढियारीचा पूल आला तेव्हा म्हणाली, "मॅडम, सोमवारी पेपर नाही पाठवत मी."

"डोकं फिरलं काय तुझं? ओळ बदल. अनुपस्थितच्या जागी सिगडी बंद लिही आणि पाठव."

"कशी लिहू? मले माहीत कुठं आहे? दोन वेळा सिगडी बंद होती तेव्हा दोन्ही वेळा दीदीपण नव्हती. सिगडीमुळे झालं का तिच्यामुळे, हे ग्राफ नाही सांगत. मी फक्त समजून राहिली."

मी फिजिक्सची बाई. ती बरोबर बोलतेय हे मला कळत होतं. मी तिला जून, सर, सही, आईचं लोणचं, सगळं ऐकवलं. चांगली खडसावली, अगदी रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की तुम्हीच तर म्हटलं, एक ओळ बदलायला काय लागते. ती ओळ खरी तर असली पाहिजे न.

मंजिरीच्या घरी एक छोटा गॅस सिलिंडर होता, पाहुणे आले की काढायचा. तो तिनं शेगडीसकट बीरगावला नेला. सरलाला सांगितलं, मी सांगेन तो आठवडा सिगडी नाही, याच्यावर करायचं, मग एक आठवडा सिगडी, मग पुन्हा हे. जूनमध्ये दोन आठवडे झाले न झाले तोच पावसानं सगळे आकडे धुऊन टाकले, मोजलेलं कशालाच उपयोगी पडेना. त्याच महिन्याच्या शेवटी सरांना शाल-श्रीफळ मिळालं. समारंभात त्यांनी मंजिरीला जवळ बोलावून सांगितलं की पोरी, मी काही थांबू शकत नाही. चिडून नाही बोलले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. जाताना त्यांनी पेपरवरचं आपलं नाव काढून घ्यायला सांगितलं, सिगडीवर त्यांना सही करायची नव्हती.

घरी काय झालं ते मंजिरीनं मला कधी सांगितलं नाही. ज्या मुलाकडे बोलणं चाललं होतं त्याचं नागपूरला दुसरीकडे जमलं, एवढं मला बाहेरून कळलं. नवे गाइड बिलासपूरचे मिळाले. नवी नोंदणी झाली, नवा प्रबंधाचा आराखडा, पुन्हा पहिल्यापासून. मी तिला सांगितलं की तू मूर्ख आहेस, आणि तिच्यासाठी कॉम्प्युटर रूम रविवारीही उघडू लागले.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तशी तिनं मोजणी पुन्हा धरली. गॅसचा आठवडा, सिगडीचा आठवडा, थंडी संपेपर्यंत. कागद भैय्यालाल बदलत होता. मध्ये एकदा त्याचा फोन आला, तो मंजिरीनं मलाही ऐकवला. काही विशेष नव्हतं. गॅसच्या आठवड्यात ही खोकत नाही, असं त्याला आज कळलं होतं, आणि ते कोणाला तरी सांगायचं म्हणून त्यानं फोन केला होता. मइकेचा विनोद त्यानं केला नाही.

फेब्रुवारीत मंजिरी माझ्यासमोर बसली आणि तिनं ती जुनी फाइल उघडली. नवे आकडे जोडले, निळ्या चौकोनांत. बाणाची ओळ सापडली. "घरमालकीण अनुपस्थित" एवढं पुसलं आणि त्या जागी लिहिलं, "सिगडी बंद". तीच ओळ खाली पुन्हा पुन्हा लिहिली, प्रत्येक नव्या बाणासाठी. फाइल चालवली, ग्राफ आला.

त्या पानावर आता खड्डे पुष्कळ होते. लाल, हिरवा, आणि मग निळे एकामागून एक, सगळे जवळजवळ सारख्या खोलीचे, सगळ्यांच्या टोकाला तेच दोन शब्द. मंजिरीनं तो छापून घेतला, घडी पडणार नाही असा वहीत ठेवला आणि बीरगावची रिक्षा पकडायला निघाली. सरलाला दाखवायचं होतं की निळ्या खड्ड्यांत ती घरीच होती.